डर्बी (टास्मानिया) आणि ब्लू डर्बी सायकल ट्रेल्स

डर्बी हे ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचं, ईशान्य भागात रिंगारूमा नदीच्या काठी वसलेलं छोटं गाव, वस्ती शे-दोनशेच्या घरातली. लॉन्सेस्टन शहराहून गाडीने साधारण सव्वा-दीड तास लागतो आणि टास्मन हायवे हाच गावाचा मुख्य रस्ता. आधी कथलाच्या खाणीसाठी प्रसिद्ध होतं, आता माउंटन बाइकिंगसाठी. गावाला लागून असलेल्या डोंगरांतल्या सायकलवाटांच्या जाळ्याला ब्लू डर्बी म्हणतात, लांबी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धरतात.

याला बाइक पार्क म्हणावं का, हा प्रश्न आधी मिटवलेला बरा. काटेकोर अर्थाने बाइक पार्क म्हणजे तिकीट काढून आत जायचं, लिफ्टने किंवा पार्कच्या गाडीने वर पोचायचं आणि फक्त उतरायचं, टास्मानियातच २०१८ साली सुरू झालेलं मेडेना हे त्याचं चांगलं उदाहरण. डर्बीला गेट नाही, तिकीट नाही, लिफ्ट नाही. ज्याला दम आहे तो पॅडल मारत वर जातो, बाकीचे खासगी शटलवाल्यांच्या ट्रेलरवर सायकली टाकून जातात. त्यामुळे ट्रेल नेटवर्क हाच शब्द जास्त बरोबर वाटतो, जाहिरातीत काहीही म्हणोत.

कथील नेमकं कधी आणि कुणाला सापडलं याबद्दल वेगवेगळं सांगतात. ईशान्य टास्मानियातला पहिला शोध १८७४ च्या सुमाराचा आणि तो जॉर्ज रेनिसन बेलच्या नावावर टाकायची पद्धत आहे, पण डर्बीपुरतं बोलायचं तर मान क्रुश्का बंधूंना द्यायला हवा. त्यांच्या खाणीचं नाव ब्रदर्स होम आणि गावसुद्धा सुरुवातीला याच नावाने ओळखलं जायचं. पुढे जी खाण सगळ्यात मोठी झाली ती ब्रायसिस, हे नाव घोडीचं आहे, १८७६ चा मेलबर्न कप जिंकणाऱ्या. त्याच मोसमात तिने व्हिक्टोरिया डर्बी ही शर्यतही मारली होती, म्हणून गावाचं नाव शर्यतीवरून पडलं असं कुणालाही वाटेल. पण नाव बदललं ते १८८० च्या दशकात, आणि १८८२ ते १८८५ या काळात ब्रिटनचे वसाहतमंत्री होते अर्ल ऑफ डर्बी, त्या काळात गावांना साहेबांची नावं द्यायची रीत बघता हाच अंदाज जास्त पटतो.

या कथलाच्या पट्ट्यात चिनी कामगार फार मोठ्या संख्येने होते. त्यांच्या देवळांतल्या वस्तू आता लॉन्सेस्टनच्या क्वीन व्हिक्टोरिया म्युझियममध्ये आहेत आणि डर्बीत या खाणकामाची माहिती देणारं केंद्रही उभारलं गेलं. मात्र खाणीला पाणी आणणारे पाट खणणाऱ्यांत हे लोक असूनही ट्रेल्सच्या माहितीत त्यांचा उल्लेख अगदीच ओझरता येतो, तो नीट यायला हवा.

ब्रायसिसची खाण म्हणजे बोगद्यात उतरून खणायची खाण नव्हे, सगळं काम पाण्यावर. जुन्या नदीपात्रातली कथीलमिश्रित वाळू आणि गोटे जोरदार झोताने फोडायचे, ते लाकडी पन्हळीतून वाहवायचे, जड कथील तळाशी बसतं, हलका गाळ पुढे जातो. यासाठी मैलोन्मैल पाट डोंगराच्या अंगाने काढलेले, उतार इतका बेताचा की पाणी चालत राहील पण काठ खाणार नाही. आणि पुढे गेलेला गाळ कुठे जाणार, तर नदीत. रिंगारूमाच्या पात्रात काही कोटी घनमीटर गाळ पडला असं नदीचा अभ्यास करणारे सांगतात, नदी खाली बास सामुद्रधुनीला मिळते तिथपर्यंत त्याचा परिणाम झाला. तिथली पाणथळ जमीन आज रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, हेही नोंदवायला हवं.

एवढं पाणी साठवायला कॅस्केड नदीवर धरण बांधलं होतं, गावाच्या वरच्या अंगाला. ४ एप्रिल १९२९ ला मुसळधार पावसात ते फुटलं आणि १४ माणसं गेली. लोंढा इतका होता की रिंगारूमा काही अंतर उलटी वाहिली असं सांगतात. दोष धरणाचा की पावसाचा यावर वाद घालता येतो, पण त्याच दिवसांत अख्ख्या उत्तर टास्मानियात पूर आला होता, लॉन्सेस्टनजवळचं डक रीच वीजघरही वाहून गेलं, त्यामुळे पाऊस अपवादात्मकच होता हे मान्य करावं लागतं. खाण गाळाने भरली, १९३० च्या दशकात परत सुरू झाली पण पूर्वीचं वैभव आलं नाही आणि साधारण दीड दशकात मुख्य काम थांबलं. मग गाव रिकामं होत गेलं. खाणीचा खड्डा पाण्याने भरला आणि आता त्याच तळ्यात लोक पोहतात, त्यावर तरंगती सॉनाही आहे.

ट्रेल्सचा पहिला टप्पा २०१५ च्या सुरुवातीला खुला झाला. डॉर्सेट आणि ब्रेक ओ'डे या दोन कौन्सिलांचा प्रकल्प, केंद्र सरकारचं सुमारे ३१ लाख डॉलर अनुदान, आणि बांधणी वर्ल्ड ट्रेल या कंपनीची. नावांमध्ये खाणीचा इतिहास जपलाय. क्रुश्काज ही त्या भावांच्या नावाची वाट, आणि डॅम बस्टर्स म्हटलं की १९२९ चं धरण आठवतंच. डेटोनेट ही वाट मात्र कच्च्या दिलाच्या माणसाचं काम नाही. उभ्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांमधून वाट इतकी चिंचोळी जाते की हँडल जेमतेम बसतं, आणि तिथे ब्रेक दाबायचा मोह झाला तर अडकणार हे नक्की.

आता बांधणीचं थोडं सविस्तर, कारण सगळी गंमत तिथेच आहे आणि लोक ती बघतच नाहीत. डोंगरातल्या वाटेचा शत्रू चाक नाही, पाणी आहे. वाटेवरून पाणी वाहायला लागलं की दोन पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो. म्हणून पहिला नियम, वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको, म्हणजे डोंगर २० टक्के असेल तर वाट १० टक्क्यांच्या आत, आणि पूर्ण वाटेची सरासरीसुद्धा १० च्या आसपासच ठेवायची. दुसरं, वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली, पाणी आडवं ओलांडून जावं म्हणून. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, उतरती वाट थोड्या थोड्या अंतरावर जराशी वर उचलायची, म्हणजे मधे खोलगट भाग तयार होतो आणि पाणी तिथून बाहेर पडतं. सायकलवाल्याला हाच उंचवटा उडी मारायला किंवा जोर धरायला मिळतो, त्याला वाटतं मजेसाठी केलंय, प्रत्यक्षात तो निचरा आहे. बर्मचं, म्हणजे वळणावर बाहेरून उचललेल्या मातीच्या भिंतीचं, गणित उलटं, ती पाणी आत अडवते, म्हणून वळण सुरू व्हायच्या आधीच पाणी काढून द्यावं लागतं, नाहीतर बर्मच्या पायथ्याशी डबकं ठरलेलं. ओल्या जागी दगडी सोलिंग करतात. ग्रॅनाइट झिजून झालेला मुरूम इथे भरपूर, तो पाणी लवकर सोडतो, त्यामुळे पावसानंतरही बऱ्याच वाटा चालवता येतात. पाटवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वी याच डोंगरात उताराचा हाच हिशोब केला होता, फक्त त्यांना पाणी वाटेत ठेवायचं होतं आणि यांना बाहेर काढायचंय.

वाटांची प्रतवारी हिरवी, निळी, काळी आणि दुहेरी काळी अशी चढत्या अवघडपणाने. ब्लू टियर नावाची लांब वाट उंचावरच्या उघड्या माळावरून सुरू होऊन मर्टलच्या आणि झाडासारख्या उंच नेच्यांच्या दाट जंगलातून वेल्डबरोच्या पबपाशी उतरते, निळ्या दर्जाच्या वाटांमध्ये हिला तोड नाही असं आमचं मत.

एंड्युरो, म्हणजे उताराच्या टप्प्यांची वेळ मोजून ठरणारी सायकल शर्यत, तिच्या वर्ल्ड सिरीजची फेरी इथे २०१७ आणि २०१९ ला झाली, नंतर २०२३ ला एंड्युरो वर्ल्ड कपची. ट्रेल्स सुरू झाल्यावर गावातली बंद घरं विकली गेली, भाड्याच्या खोल्या, कॅफे, सायकल दुरुस्तीची दुकानं आली. घरांच्या किमती चढल्या की जुन्या रहिवाशांचं काय होतं, याबद्दल लिहिणारे कमी, शर्यतींबद्दल लिहिणारे फार.

जंगलाचा वाद अजून मिटलेला नाही. ट्रेल्सच्या आसपासची बरीच जमीन सरकारी लाकूड उत्पादनाची आहे, क्रुश्काजजवळच्या तोडीविरुद्ध ब्लू डर्बी वाइल्ड या गटाने आंदोलन केलं आणि कोर्टातही गेले, तिथे निकाल त्यांच्या बाजूने लागला नाही. वाटेच्या दोन्ही अंगांना झाडांचा पट्टा राखणं ही तडजोड झाली, पण पट्ट्यापलीकडे उघडं रान दिसत असेल तर ट्रेलचं मूल्य कमी होतं, हा आंदोलकांचा मुद्दा वजनदार आहे. जंगलाला आणखी एक धोका मुळं कुजवणाऱ्या फायटॉप्थोरा या रोगाचा, तो टायरला चिकटलेल्या चिखलातून पसरू शकतो म्हणून सायकल धुऊनच आत जावं.

जवळपासच्या वाटांमध्ये स्कॉट्सडेलचा नॉर्थ ईस्ट रेल ट्रेल जुन्या रेल्वेमार्गावरचा, बेताच्या चढाचा आणि घरच्या मंडळींना सोपा. पूर्व किनाऱ्यावर सेंट हेलन्सचं जाळं २०१९ ला सुरू झालं, त्यातली बे ऑफ फायर्स ही ४२ किलोमीटरची वाट ब्लू टियरच्या पठारावरून निघून थेट स्विमकार्ट बीचवर समुद्राला लागते.