थंडी खालून येते, आधी मॅट बघा

डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठ्याच्या ट्रेकला गेलो होतो, स्लीपिंग बॅग चांगली जाड होती, तरी रात्री दोनला जाग आली. छाती उबदार आणि खुबा न् पाठ गारठलेली. हात खाली घालून बघितलं तर बॅगेखाली अंथरलेली हवेची मॅट पार बसलेली, खुबा थेट जमिनीला टेकलेला.

बॅगेतली पिसं हवा धरून ठेवतात म्हणून ऊब मिळते, पण आपल्या वजनाखाली ती दबून चपटी होतात आणि हवा गेली की ऊब पण गेली. म्हणजे पाठीखाली जे काही काम करतं ते मॅटच करते.

मॅट उष्णता किती अडवते ते आर-व्हॅल्यूवरून कळतं. झोपेत आपलं शरीर साधारण ७५ वॅट उष्णता तयार करतं. आता जमिनीला टेकणारं अंग अर्धा चौरस मीटर धरा आणि अंग न् जमीन यांच्यात ३० अंशांचा फरक धरा, तर आर १ च्या मॅटमधून ८५ वॅट निघून जातात, म्हणजे कमाईपेक्षा खर्च जास्त! आर ४ असेल तर फक्त २१. बर्फावर झोपायचं असेल तर मी तरी ५ च्या खाली जाणार नाही. आकडा एएसटीएम एफ३३४० या चाचणीचा आहे का ते नक्की बघा, २०१८ मध्ये ती यायच्या आधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची.

नुसती हवा भरलेली गादी गरम नसते, कूस बदलली की आतली हवा ढवळते आणि उष्णता खाली जाते. म्हणून चांगल्या मॅटमध्ये आत फोम, कृत्रिम तंतू किंवा चकचकीत पापुद्रे असतात (पापुद्रेवाली वेफर्सच्या पाकिटासारखी कुरकुरते, पण ऊब मस्त देते).

टिकाऊपणात साध्या फोमच्या घडीच्या मॅटला तोड नाही, पंक्चर होणारच नाही, पण आर जेमतेम २. आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते, म्हणून मी आता खाली फोम आणि वर ४ ची हवेची घेतो, ६ झाले, शिवाय खडे-काट्यांपासून वरची वाचते आणि ती फुटलीच तरी रात्र निघते. हवेच्या मॅटचं खालचं कापड किती डेनियरचं आहे ते विचारा, आकडा जास्त तेवढा धागा जाड. तोंडाने फुगवू नका, श्वासातली वाफ आत साचते, पंपाची पिशवी वापरा. आणि घरी आल्यावर व्हॉल्व्ह उघडा ठेवून सावलीत पसरून वाळवा, उन्हात फुगवून ठेवली तर आतले जोड सुटतात.