ओहमचं जुनं लफडं: हेडफोनला ॲम्प लागतो, हे आलं कुठून

इंदूरच्या जेल रोडवर हेडफोन बघायला गेलं की कोणीतरी दुकानदार हमखास म्हणतो, "भिया, बिना एम्प के मजा नी आएगा." तो अगदीच खोटं बोलत नाही पण अर्धीच गोष्ट सांगतो, आणि दहा हजारांच्या बजेटातले चार हजार ॲम्पवर, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरवर, घालायचे का हे उरलेल्या अर्ध्यावर ठरतं, म्हणून जरा मागे जाऊ.

१९१० साली अमेरिकेत युटामधल्या नॅथॅनियल बाल्डविनने घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि ते तिथल्या नौदलाने घेतले. गाणंबिणं काही नाही, नुसते बिनतारी संदेश ऐकायचे. १९३७ मध्ये बर्लिनच्या बायर कंपनीचा डीटी ४८ आला, तो पहिला डायनॅमिक हेडफोन, म्हणजे आजच्यासारखा कॉइल-मॅग्नेटवाला. आणि १९५८ साली मिलवॉकीच्या जॉन कॉसने स्टिरिओ हेडफोन काढला, हा माणूस मूळचा जॅझ ट्रम्पेटवाला आणि धंदा काय तर हॉस्पिटलांना टीव्ही भाड्याने देणं! तिथून हेडफोन घरोघरी शिरला.

आता ओहम, म्हणजे हेडफोन करंटला किती अडवतो त्याचं माप. टेलिफोनच्या जमान्यापासून ६०० ओहमची लाइन हा रिवाज पडला आणि तोच रेडिओ स्टेशनांनी, स्टुडिओंनी उचलला, आपलं आकाशवाणी इंदूर १९५५ चं, तेव्हा जगभर हेच चालायचं. व्हॉल्व्हवाली (काचेच्या नळ्यांची) मशीनं व्होल्टेज भरपूर देणार पण करंट देताना हात आखडणार, मग हेडफोनच्या कॉइलला बारीक तार आणि खूप वेढे, म्हणजे ओहम जास्त. शिवाय स्टुडिओत एकाच आउटपुटला चार-पाच हेडफोन लावले तरी मशीन दमत नाही. १९६८ चा सेनहायझरचा एचडी ४१४, पिवळ्या फोमवाला पहिला ओपन-बॅक (पाठ उघडी असलेला), तो तर २००० ओहमचा होता.

घरच्या डेक-ॲम्पमध्ये कंपन्यांनी स्वस्तातली युक्ती केली. हेडफोनसाठी वेगळं सर्किट कशाला, स्पीकरच्याच आउटपुटला शंभर ते चारशे-साडेचारशे ओहमचा रेझिस्टर लावला आणि दिला जॅक. ६०० ओहमच्या हेडफोनला त्याने फारसा फरक पडत नाही, पण आजचा ३२ ओहमचा हेडफोन काकांच्या जुन्या ॲम्पला लावून बघा, बऱ्याचदा बेस फुगलेला आणि ढिला येतो. हेडफोन बिचारा ठीक असतो, रेझिस्टर मध्ये येतो.

मग १ जुलै १९७९ ला सोनीचा वॉकमन आला आणि सगळं उलटं झालं. दोन पेन्सिल सेल म्हणजे जेमतेम ३ व्होल्ट, तेवढ्यात आवाज काढायचा तर ओहम कमीच हवेत. हिशोब साधा आहे, १ व्होल्ट दिला तर ३२ ओहमला साधारण ३१ मिलीवॉट जातात, ३०० ओहमला ३.३ आणि ६०० ला दीडच्या थोडं वर. वॉकमननंतर बाजारातला बहुतेक माल कमी ओहमचा झाला, पण स्टुडिओवाले खानदान संपलं नाही, बायरचे २५० आणि ६०० ओहमवाले, १९९७ चा सेनहायझर एचडी ६००, तो ३०० ओहमचा. चांगला आवाज हवा असणारे लोक हेच घ्यायचे आणि वॉकमन-डिस्कमनला लावून रडायचे. "ॲम्प लागतोच" हे तिथलं आहे.

त्यातून जुगाड निघाला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी चू मोय नावाच्या माणसाने ९ व्होल्टची बॅटरी आणि एक ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारी छोटी चिप) यावर खिशातल्या ॲम्पचं डिझाइन दिलं, लोक ते पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवायचे. अजूनही करण्यासारखं काम आहे, महाराणी रोडवर झीरो पीसीबी (भोकांची कोरी सर्किट-पट्टी), पॉट (आवाजाचा नॉब), दोन जॅक आणि ऑप-ॲम्प घ्या, सोल्डर धरता येत असेल तर रविवारी दुपारी होतं, फक्त पॉट जरा बरा घ्या, स्वस्तातला असेल तर आवाज कमी करताना एक कान आधी बंद होतो. २०११ मध्ये टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंजिनिअरने ओ-टू नावाचं डिझाइन मोजमापांसकट सगळ्यांना खुलं केलं आणि महागड्या ॲम्पवाल्यांची पंचाईत झाली. ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे ॲम्पचे स्वतःचे ओहम, हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्याहून जास्त नको हा नियम त्यानेच लोकांच्या डोक्यात बसवला, म्हणजे ३२ ओहमला ४ पर्यंत. पुढच्या वर्षी हा माणूस जो गायब झाला तो झालाच.

२०१६ साली आयफोन ७ मधून जॅक गेला, मागोमाग इतर फोनांतूनही जायला लागला, लोकांनी शिव्या घातल्या पण बजेटवाल्यांचं भलंच झालं. हजाराच्या आतबाहेर मिळणारा फोनच्या चार्जिंगच्या जागी लावायचा डोंगल म्हणजे डॅक (डिजिटलमधून आवाजाचा सिग्नल काढणारी चिप) आणि ॲम्प दोन्ही, १ व्होल्टच्या आसपास देतो. एचडी ६०० ला १ व्होल्टवर ९७ डेसिबल मिळतात, अमीर खांसाहेबांचा विलंबित मारवा ऐकायला एवढं रगड आहे. अपवाद प्लेनरवाल्यांचा (गोल कॉइलऐवजी सपाट पडदावाले हेडफोन), हायफायमॅनचा जुना एचई-६ फक्त ५० ओहमचा पण १ मिलीवॉटला ८३.५ डेसिबल, त्याला खरंच दणकट ॲम्प लागतो, म्हणून नुसते ओहम बघू नका, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरला आवाज किती निघतो, ते पण बघा.

आणि किंमत म्हणाल तर २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या ध्वनी-संशोधकाने २८३ हेडफोन मोजले, फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (बेसपासून ट्रेबलपर्यंत काय किती जोरात येतं) आणि किंमत यांचा काही संबंध दिसला नाही. त्यामुळे ३२ ओहमचा हेडफोन घेताय तर दहातले नऊ हजार हेडफोनला, उरलेल्यात डोंगल. २५० ओहमचाच हवा असेल तर मग दुकानदाराचं ऐका, पण डोंगलवर लावून आवाज पुरतो का ते आधी दुकानातच बघा.