मुलांचा ताबा आणि भेटीचे वेळापत्रक

आईवडील विभक्त झाल्यावर अज्ञान (म्हणजे १८ वर्षांखालचे) मूल कोणाजवळ राहील आणि दुसऱ्या पालकाला ते कधी, कुठे, किती वेळ भेटेल, याची न्यायालयाने ठरवलेली किंवा आपसांत ठरलेली व्यवस्था. पहिल्या भागाला ताबा म्हणतात. दुसऱ्याला भेटीचा हक्क किंवा महाराष्ट्रातल्या कुटुंब न्यायालयांत सर्रास ‘अ‍ॅक्सेस’. ताब्याबद्दल भारतीय कायदा बरेच बोलतो. भेटीचे दिवस-तास मात्र तो पक्षकारांवर आणि न्यायाधीशांवर सोडतो, आणि घटस्फोटानंतरची बरीचशी भांडणे तिथेच होतात.

कायदा

सर्व धर्मीयांना लागू होणारा मूळ कायदा म्हणजे पालक व पाल्य अधिनियम, १८९०. त्याखालचा अर्ज मूल सामान्यतः जिथे राहते तिथल्या न्यायालयात करावा लागतो. त्यासाठी घटस्फोटाचा दावा दाखल असण्याची गरज नाही. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ खाली त्याच न्यायालयाकडून ताबा व भेटीचे आदेश मिळतात. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात २००५ च्या कायद्यानुसार दंडाधिकारीही तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि भेटीने मुलाला इजा पोहोचेल असे वाटल्यास भेट नाकारू शकतात.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ मध्ये वडील हे पहिले नैसर्गिक पालक आणि त्यांच्यानंतर आई, अशी मांडणी आहे. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा मात्र सामान्यतः आईकडे असतो. गीता हरिहरन प्रकरणात (१९९९) सर्वोच्च न्यायालयाने ही उतरंड सैल केली. वडील हयात असूनही मुलाची जबाबदारी घेत नसतील तर आई नैसर्गिक पालक ठरते. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात २०१५ साली त्याच न्यायालयाने सांगितले, की इतक्या लहान मुलासाठी आई अयोग्य आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी वडिलांची आहे. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात आईच्या ताब्याच्या वयोमर्यादा वेगळ्या आहेत. तरी शेवटी सगळीकडे मुलाचे हित हीच कसोटी लागते. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याला आपल्या दालनात बोलावून त्याचे म्हणणे ऐकतात; ते म्हणणे विचारात घेतले जाते, बंधनकारक नसते.

संयुक्त ताब्याची, म्हणजे दोन्ही पालकांनी मिळून ताबा ठेवण्याची, तरतूद कायद्यात स्पष्टपणे यावी, अशी शिफारस विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात (२०१५) केली. तशी तरतूद येईपर्यंत संमतीने ठरलेल्या अटी हाच संयुक्त ताब्याचा मुख्य मार्ग आहे.

वेळापत्रक

परस्परसंमतीच्या घटस्फोटात ‘वाजवी भेट’ किंवा ‘दोघांच्या सोयीने भेट’ असे शब्द घालून सह्या करणारी जोडपी पुष्कळ असतात. सही करताना सोय खरोखरच दोघांची असते. पुढे एकाची बदली होते, कोणी दुसरे लग्न करते, मूल क्लासला जाऊ लागते, आणि सोय एकाचीच उरते. म्हणून वार, वेळ, मुलाला आणणार कोण आणि सोडणार कोण, हे सगळे लिहिलेले बरे. ‘दर दुसरा शनिवार’ यावरही वाद होतात, कारण त्याचा अर्थ महिन्यातला दुसरा शनिवार की एकाआड एक, हे कोणी लिहिलेले नसते. ‘पहिला व तिसरा’ लिहिले तर पाचव्या शनिवारचे काय, हेही सांगावे लागते. बँकेत नोकरी करणारा पालक दुसरा आणि चौथा मागतो, कारण त्या दिवशी बँक बंद असते.

संबंध फार ताणलेले असतील तर सुरुवात न्यायालयाच्या आवारातल्या भेटीने होते. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात त्यासाठी मुलांचे स्वतंत्र संकुल आहे. तिथे मूल रुळले की काही तास बाहेर, मग पूर्ण दिवस, मग रात्रीचा मुक्काम असे टप्पे पडतात. तान्ह्या मुलासाठी लांब भेटीपेक्षा छोट्या पण वरचेवर भेटी बऱ्या. शाळकरी मुलासाठी एकाआड एक शनिवार-रविवार, मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी, हा साचा सर्वांत रूढ आहे. एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे ही पाश्चात्त्य देशांतली पद्धत दोन्ही घरे एकाच शाळेच्या टप्प्यात असतील तरच जमते. एक घर डोंबिवलीला आणि दुसरे बोरिवलीला असेल तर मुलाचे बालपण लोकलमध्येच जायचे. दहावीच्या वर्षी कोणतेही वेळापत्रक बदलावे लागते, तेव्हा तशी सोय आधीच ठेवावी.

सणांचा प्रश्न वेगळाच. दिवाळीची सुट्टी वाटता येते, गणपती वाटता येत नाहीत. ज्याच्या कोकणातल्या घरी गणपती बसतो त्याला मूल नेमके त्याच दिवसांत हवे असते, दीड दिवसाचे असोत वा पाच. अशा वेळी गणपती कायम एका घरी आणि लक्ष्मीपूजन व भाऊबीज दुसऱ्या घरी, ही अदलाबदल दरवर्षीच्या पाळीपेक्षा अधिक टिकाऊ असते. सण तिथीने येतात, म्हणून करारात तारीख न लिहिता सणाचे नाव आणि आधी-नंतरचे दिवस लिहावेत. वाढदिवस आलटून पालटून घेतात. ज्याची पाळी नसेल त्याला संध्याकाळचे दोन तास मिळावेत, असेही ठरवता येते.

प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तिथे फोन व व्हिडिओ कॉलने संपर्क ठेवण्याचा मुलाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली अधोरेखित केला. कॉलची वेळही ठरलेली हवी, नाहीतर तो नेमका अभ्यासाच्या किंवा झोपेच्या वेळी येतो.

बदल आणि अंमलबजावणी

ताब्याचा कोणताही आदेश कायमचा अंतिम नसतो. मुलाचे वय, शाळा किंवा पालकांची स्थिती बदलली की मूल १८ वर्षांचे होईपर्यंत बदलासाठी अर्ज करता येतो. भेट नाकारली गेल्यास अंमलबजावणीचा किंवा न्यायालयाच्या अवमानाचा अर्ज करता येतो, आणि बुडालेल्या दिवसांची भरपाई मागता येते. भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवणे किंवा पोटगी थकली म्हणून मूल न दाखवणे, दोन्ही गैर आहे. पोटगी आणि भेट दोन्ही मुलाची आहेत. पालकांची गाठ कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशकाशी पडते, आणि कामचलाऊ वेळापत्रक पुष्कळदा त्यांच्याच टेबलावर तयार होते.

परदेशी स्थायिक मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. आंतरराष्ट्रीय बालअपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही. एक पालक मुलाला घेऊन पुण्याला किंवा नागपूरला परतला, तर परदेशी न्यायालयाचा आदेश येथे आपोआप लागू होत नाही. दुसऱ्या पालकाला बहुधा उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची (मुलाला न्यायालयापुढे हजर करा, असा आदेश मागणारी) याचिका करावी लागते, आणि तिथे परदेशी आदेश हा विचारात घ्यायच्या मुद्द्यांपैकी एक ठरतो. म्हणून अशा जोडप्यांच्या करारात पासपोर्ट कोणाजवळ राहील, प्रवासाची लेखी संमती किती दिवस आधी घ्यायची आणि परतीचे तिकीट कोण दाखवेल, याची कलमे घालतात.