डिजिटल वायर लावली म्हणजे आवाज डिजिटल होत नाही

कॉम्प्युटरला नवे स्पीकर जोडायला गेलं की मागे दोन पर्याय दिसतात, नेहमीचा हिरवा ३.५ एमएमचा जॅक आणि काही मदरबोर्डवर ते चौकोनी, आतून लाल उजेड येणारं ऑप्टिकल पोर्ट. डिजिटल म्हणजे क्लिअर आणि अ‍ॅनालॉग म्हणजे जुनाट, असं बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं, दुकानदार पण तेच सांगतो.

पण स्पीकरच्या कोनला शून्य-एक कळत नाही हो, त्याला हलवायला कमीजास्त होणारा करंटच लागतो. म्हणजे फाईलमधल्या आकड्यांचं व्होल्टेज कुठेतरी करावंच लागतं, आणि ते करणाऱ्या सर्किटला म्हणतात डॅक. हिरव्या जॅकने जोडलं तर डॅक मदरबोर्डवरचा, ऑप्टिकल किंवा यूएसबीने जोडलं तर स्पीकरच्या पोटातला. बरं, हल्लीच्या मदरबोर्डवरचा डॅक तसा वाईट नसतो, उलट स्वस्त स्पीकरमधलाच जास्त सुमार निघू शकतो.

मग फरक पडतो कुठे? बऱ्याचदा वायरीत, आणि मला सगळ्यात मजा याच भागात येते.

अ‍ॅनालॉग इनपुटवर स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर सिग्नलचं व्होल्टेज ग्राउंडच्या तुलनेत मोजतो आणि ग्राउंड म्हणजे शून्य असं धरून चालतो. आता कॉम्प्युटर आणि स्पीकर दोघांनाही थ्री-पिन प्लग असेल तर ते दोनदा जोडले जातात, एकदा घराच्या अर्थिंगमधून आणि एकदा ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीतून (तीच तिची ग्राउंडची तार), म्हणजे झालं एक बंद रिंगण तयार. त्यात मेन्समुळे ५० हर्ट्झचा बारीकसा करंट फिरत राहतो, वर ग्राफिक्स कार्डने अचानक करंट खेचला की त्यातलाही थोडा याच वाटेने जातो, आणि जाळीला किंचित का होईना रेझिस्टन्स असतोच, त्यामुळे तिच्या दोन टोकांत थोडं व्होल्टेज पडतं आणि अ‍ॅम्प्लिफायरला ते गाण्यातलंच वाटतं. म्हणून स्पीकरमधून ती बारीक घूं, म्हणून माउस हलवला की किर्रर्र.

हिशोब बघा. २ व्होल्टच्या सिग्नलमध्ये १ मिलिव्होल्ट घुसला तर तो ६६ डेसिबल खाली असतो. सीडीच्या १६ बिटमध्ये सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजात साधारण ९६ डेसिबलची जागा असते, म्हणजे तळातले ३० डेसिबल गेलेच. त्यात कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम कमी आणि स्पीकरचा फुल ठेवला की अजून वाईट, कारण गाणं लहान झालं, घूं तेवढीच राहिली.

काही लोक यावर अर्थची पिनच काढून टाकतात. घूं थांबते, पण उद्या आत शॉर्ट झालं तर करंटला जायला वाट तुमचीच. हा जुगाड करू नका.

तोच १ मिलिव्होल्ट तांब्याच्या डिजिटल वायरीत घुसला तर? तिथला सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टचा, आणि पलीकडे फक्त वर की खाली एवढंच ओळखायचं असतं, त्यामुळे आकडे जसेच्या तसे पोचतात. ऑप्टिकल, म्हणजे तोशिबाने १९८३ साली आणलेलं टॉसलिंक, त्याच्यात तर तारच नाही, प्लास्टिकच्या फायबरमधून लाल उजेड जातो, सबब रिंगणच तुटलं. यूएसबीत मात्र ग्राउंडची तार असतेच, तिथे आकडे सुखरूप जातात पण रिंगण राहतं.

आणि हो, सोन्याचा मुलामा दिलेल्या टोकांच्या ऑप्टिकल केबल विकायला असतात. आतून जातो उजेड, त्याला सोनं कशाला? ते पैसे बरे स्पीकर घ्यायला ठेवा.

घूं येत नसेल तर हिरवा जॅक मस्त आहे, येत असेल आणि स्पीकरला ऑप्टिकल इनपुट असेल तर ते वापरा. फक्त ५.१ वाल्यांनी, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर असलेल्यांनी, बघून घ्या, ऑप्टिकलमधून कॉम्प्रेस न केलेले दोनच चॅनल जातात, गेमचा सराउंड हवा असेल तर कॉम्प्युटरने तो आधी डॉल्बी किंवा डीटीएस या कॉम्प्रेस केलेल्या फॉरमॅटमध्ये एन्कोड करायला हवा, आणि ती सोय तुमच्याकडे नसेल तर एचडीएमआय, नाहीतर अ‍ॅनालॉगच्या तीन वायरी.