50 ची 75 कशी झाली? फोकल लेन्थच्या गोंधळाची पार्श्वभूमी

‘क्रॉप बॉडीवर 50 लावली की तिची 75 होते’ हे वाक्य जळगाव-धुळ्याकडच्या लग्नसराईत फोटोग्राफरांच्या तोंडी सर्रास ऐकू येतं. क्रॉप बॉडी म्हणजे छोट्या सेन्सरचा कॅमेरा, आणि 50 म्हणजे लेन्सची मिमीतली फोकल लेन्थ. ते आलं डिजिटल कॅमेऱ्यांबरोबर.

त्याआधी मामला सरळ होता. 1925 मध्ये लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात 35 मिमी फिल्मचा छोटा कॅमेरा 50 मिमी लेन्ससह आला आणि 24×36 मिमीची चौकट रूढ झाली. चौकटीचा कर्ण 43 मिमी, आणि फोकल लेन्थ कर्णाच्या आसपास असली की लेन्स ‘नॉर्मल’ म्हणायची, म्हणून 50 ‘नॉर्मल’. स्टुडिओतल्या 6×6 सेंमी चौकटीच्या यशिका कॅमेऱ्यावर 80 नॉर्मल असायची. त्या 80 ला कशाने भागायचं, हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता.

1999 नंतर डिजिटल एसएलआर आवाक्यात येऊ लागले, पण 24×36 चा सेन्सर फार महाग पडायचा. सिलिकॉनच्या एका चकतीतून असे मोजकेच तुकडे निघत आणि एखादा बारीक दोषही अख्खा तुकडा वाया घालवी. म्हणून सेन्सर साधारण 24×16 चा ठेवला, माउंट (लेन्स बसवायची खाच) मात्र जुनाच, घरातल्या लेन्स चालाव्यात म्हणून. धंद्याच्या हिशेबाने हे शहाणपणाचंच होतं. फक्त 50 ची लेन्स आता कर्णावर 47 ऐवजी 32 अंशच दाखवू लागली. तेवढंच अंशांत सांगायचं सोडून ग्राहकाला 1.5 किंवा 1.6 ने गुणायला शिकवलं गेलं: 50 × 1.5 = 75, म्हणजे फिल्मवर 75 ची लेन्स जेवढं दाखवते तेवढं. गिऱ्हाईक फिल्मवालं होतं, त्याला ते पटकन कळलं. पण लेन्सच बदलते असा समज मागे राहिला, आणि त्याचा दोष माझ्या मते शिकवणाऱ्यांकडेच जातो.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एकाच जागी उभं राहून 24×36 च्या आणि क्रॉप अशा दोन्ही बॉडींवर तीच 50 लावून पाहा. सेन्सरवर घोड्याचं तोंड तेवढंच मोठं उमटतं, फक्त कडेची माणसं कापली जातात. पर्स्पेक्टिव्हही, म्हणजे जवळच्या-लांबच्या गोष्टींच्या आकारांचं प्रमाण, बदलत नाही; ते ठरतं तुम्ही घोड्यापासून किती लांब आहात यावर.

पुढे 18-55 मिमीसारख्या झूम लेन्स फक्त छोट्या सेन्सरसाठी निघाल्या. त्यांच्यावरचे आकडेही खरेच आहेत, तरी फिल्म कधी न पाहिलेली पोरं ते गुणत बसतात. मोबाइलवाल्यांनी तर उलटंच केलं: आतली लेन्स जेमतेम 5-7 मिमीची असते, जाहिरातीत मात्र गुणून आलेला 24 किंवा 26 तेवढा छापतात.