मैदानविक्रम (क्रिकेट, फलंदाजी)

एखाद्या मैदानावर विशिष्ट दर्जाच्या सामन्यांत नोंदली गेलेली सर्वोच्च वैयक्तिक खेळी, सर्वोच्च संघधावसंख्या किंवा सर्वांत मोठी भागीदारी म्हणजे मैदानविक्रम. कसोटी, एकदिवसीय, टी-२० आणि प्रथम श्रेणी यांचे तक्ते स्वतंत्र ठेवतात. ते एकत्र केले की घोळ होतो.

पुण्याजवळील गहुंजे येथील मैदान हे त्याचे सोयीचे उदाहरण. तेथील कसोटीतील सर्वोच्च खेळी विराट कोहलीची नाबाद २५४ (दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, ऑक्टोबर २०१९, ३३६ चेंडू, ३३ चौकार, २ षटकार). त्याच मैदानावर केदार जाधवने २०१२ मध्ये रणजी (प्रथम श्रेणी) सामन्यात उत्तर प्रदेशाविरुद्ध ३२७ धावा केल्या होत्या. म्हणजे कसोटीविक्रम ही त्या मैदानावरची सर्वांत मोठी खेळी नव्हे. एकदिवसीय सामन्यांत मिचेल मार्शच्या नाबाद १७७ धावा (बांगलादेशाविरुद्ध, नोव्हेंबर २०२३) अग्रस्थानी आहेत. संघधावसंख्येत दक्षिण आफ्रिकेच्या ४ बाद ३५७ (२०२३) भारताच्या ७ बाद ३५६ (२०१७) पेक्षा एकाच धावेने पुढे आहेत. सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये येथेच ५४ चेंडूंत ११७ धावा फटकावल्या, त्यांत १३ षटकार होते. परंतु ही खेळी आंतरराष्ट्रीय टी-२० च्या रकान्यात धरता येत नाही. हे मैदान सुरुवातीला सहारा समूहाच्या नावाने ओळखले जाई. जुने धावफलक त्याच नावाखाली असल्याने नावावरून शोध घेणाऱ्याच्या हातून सुरुवातीचे सामने निसटतात.

विक्रम नोंदवण्यापूर्वी धावफलकाचा ताळा दोन बाजूंनी घेतात. फलंदाजांच्या धावा आणि सर्व अवांतर धावा यांची बेरीज संघाच्या एकूण धावांइतकी यावी. तसेच गोलंदाजांनी दिलेल्या धावांत बाय (चेंडू बॅटला वा शरीराला न लागता काढलेल्या धावा), लेगबाय (चेंडू शरीराला लागून काढलेल्या धावा) आणि दंडाच्या धावा मिळवल्यावरही तोच आकडा यावा. वाईड आणि नोबॉल गोलंदाजाच्या खात्यात जातात, म्हणून दुसऱ्या बेरजेत ते पुन्हा धरू नयेत. नवख्या स्कोअररची चूक बहुधा येथेच होते. २०१७ च्या नियमसंहितेपासून नोबॉलवर बॅट न लागता धावून काढलेल्या धावा बाय किंवा लेगबाय म्हणून लिहितात; पूर्वी त्या सगळ्या नोबॉलमध्येच जात. त्यामुळे त्याआधीच्या सामन्यांना आजचा नियम लावून ताळा घेतल्यास गोलंदाजाच्या बाजूला फरक पडतो, फलंदाजाच्या बाजूला नाही. खेळलेल्या चेंडूंत नोबॉल मोजतात, वाईड मोजत नाहीत. पहिली बेरीज जुळून दुसरी जुळत नसेल, तर प्रथम गोलंदाजांचे रकाने तपासावेत. दोन्ही बेरजा जुळल्या तरी लेगबाय फलंदाजाच्या नावावर चढली नाही, याची मात्र खात्री मिळत नाही: गोलंदाजाच्या खात्यातही ती धाव म्हणून गेली असेल तर ताळा निमूटपणे जमतो. अशी चूक दोन स्कोअररांच्या वह्या षटकागणिक पडताळल्यानेच सापडते.

शहराचा विक्रम आणि मैदानाचा विक्रम यांतही फरक करावा लागतो. पॉली उमरीगर यांनी नोव्हेंबर १९५५ मध्ये हैदराबादच्या फतेह मैदानावर (पुढे लाल बहादूर शास्त्री स्टेडियम) न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा केल्या. भारतीयाचे कसोटीतील ते पहिले द्विशतक. तेथे १९५५, १९६९ आणि १९८८ अशा तीनच कसोट्या झाल्या, तिन्ही न्यूझीलंडविरुद्ध. त्यामुळे तो आकडा अबाधित राहिला. हैदराबादच्या कसोट्या नंतर शहरातल्याच उप्पल येथील मैदानावर गेल्या आणि तेथे ब्रेंडन मॅकलमने २०१० मध्ये २२५ धावा केल्या. ‘हैदराबादचा कसोटीविक्रम’ म्हणून यांपैकी एकच आकडा देणाऱ्या याद्या ग्राह्य धरू नयेत. विनू मांकड यांनी त्याच मालिकेत मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर तितक्याच, म्हणजे २२३ धावा केल्या. तेथे मात्र २००९ मध्ये वीरेंद्र सेहवागने २९३ धावा केल्या. विक्रमाचे आयुष्य खेळीच्या गुणवत्तेइतकेच त्यानंतर तेथे किती सामने झाले यावर ठरते.

उमरीगर यांच्या जन्मस्थानाबद्दल (२८ मार्च १९२६) मतभेद आहेत. अनेक जुन्या संदर्भांत मुंबई आढळते. मात्र वडिलांचा कापडव्यवसाय सोलापुरात होता, बालपण तेथे गेले आणि शालेय वयात ते मुंबईला आले, हे पाहता सोलापूर अधिक संभाव्य वाटते. तेथे त्यांचा जन्म झाला असला, तरी २२३ ही खेळी सोलापूरच्या मैदानविक्रमांत येत नाही. मैदानाच्या तक्त्यात खेळाडूचे गाव पाहत नाहीत.

सोलापुरातील पार्क मैदानावर (इंदिरा गांधी स्टेडियम) पुरुषांचा आंतरराष्ट्रीय सामना झालेला नसल्याने त्याचा तक्ता प्रथम श्रेणीपासून सुरू होतो. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना येथे झाला.