देहभान हरपले, पण पुढे काय? इंद्राची जुनी शंका

भजनात रंगलेला माणूस, समाधी लावलेला योगी आणि दिवसभर राबून गाढ झोपलेला मजूर. देहाचे भान तिघांनाही नसते. मग तिघांची अवस्था एकच म्हणायची का? शंका एखाद्या नास्तिकाची वाटते, पण ती काढली आहे प्रत्यक्ष इंद्राने, छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात.

जरा-मृत्यू नसलेला आत्मा जाणून घ्यायला देवांकडून इंद्र आणि असुरांकडून विरोचन प्रजापतीकडे गेले. 32 वर्षे राहिल्यावर प्रजापतीने त्यांना पाण्यात स्वतःला बघायला सांगितले. नटूनथटून दोघांनी पाहिले. देह म्हणजेच आत्मा, असे समजून विरोचन खुशीत परतला. इंद्र मात्र अर्ध्या वाटेवरून मागे फिरला: देह आंधळा झाला की हे प्रतिबिंबही आंधळेच होणार! पुन्हा 32 वर्षे, मग स्वप्नातल्या आत्म्याचा उपदेश. तोही पटला नाही. आणखी 32 वर्षांनी गाढ झोपेचा दाखला मिळाला, तेव्हा इंद्र म्हणाला की या अवस्थेत माणसाला 'हा मी' एवढेही कळत नाही, तो जणू नाशच पावलेला असतो. यात मला काही हित दिसत नाही. शेवटची 5 वर्षे धरून एकूण 101 वर्षे झाली, तेव्हा कुठे अशरीर आत्म्याची गोष्ट निघाली. देहभान जाणे एवढेच पुरेसे नाही, हे परंपरेने इतक्या आधी स्वतःलाच बजावून ठेवले होते.

कठोपनिषदाने हाच विषय इंद्रियांच्या बाजूने धरला. इंद्रियांची दारे बाहेर उघडणारी केली आहेत, म्हणून माणूस बाहेरच बघतो. डोळे आत वळवणारा एखादाच. रथाचे रूपकही तिथलेच: इंद्रिये घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी. यात घोडे मारून टाका असे कुठेही म्हटलेले नाही, हे लक्षात घ्यायला हवे. गीतेतले कासव अवयव आत ओढून घेते, तोडून टाकत नाही. उलट हातपाय आवरून मनात विषय चघळत बसणाऱ्याला गीता 'मिथ्याचारी' म्हणते.

पतंजलीने योगसूत्रांत इंद्रिये अशी आत वळवण्याला प्रत्याहार हे नाव देऊन योगाच्या आठ अंगांत पाचवे स्थान दिले. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यातला दृष्टांत सुरेख आहे: मधमाश्यांचा राजा उडाला की माश्या त्याच्यामागे उडतात, तो बसला की बसतात, चित्त थांबले की इंद्रियेही तशीच थांबतात. (ती राणी असते हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते, दृष्टांताचे त्याने काही बिघडत नाही.) एकेका इंद्रियाशी वेगळी झटापट करायची गरज उरत नाही.

इंद्राच्या शंकेला सरळ भिडले ते अद्वैत वेदान्ताचे जुने आचार्य गौडपाद. मांडूक्यकारिकेत ते म्हणतात की झोपेत मन लय पावते, म्हणजे विरून जाते, पण निग्रह केलेले मन लय पावत नाही. म्हणून साधकाचे मन पेंगायला लागले तर त्याला जागे करा, भरकटले तर शांत करा. ध्यानाला बसून येणाऱ्या सुखद गुंगीलाच समाधी समजणाऱ्यांनी ही ओळ जरूर वाचावी. पुढे शंकराचार्यांनी रोख आणखी बदलला. 'मी जाड, मी आंधळा' असे म्हणताना देहाचे आणि इंद्रियांचे धर्म आपण स्वतःवर लादतो. हा अध्यास, आणि तो जायला हवा. देह दिसायचा थांबला नाही तरी चालेल.

नाथपंथाने तर देहालाच हत्यार केले. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन करताना 'पिंडें पिंडाचा ग्रासु', म्हणजे देहानेच देह गिळणे, हा नाथांचा संकेत ज्ञानेश्वर उघड करतात. देहाच्या पलीकडे जायचे, पण देहाच्याच वाटेने. आणि ज्यांना देहामुळे वेशीबाहेर ठेवले होते, त्यांच्यासाठी हा केवळ साधनेचा प्रश्न नव्हता. 'देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध' असे सांगून संत चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई पुढे विचारते: देहीचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा कोण? देहबुद्धीवरची इतकी धारदार टीका मला तरी आचार्यांच्या भाष्यांत सापडलेली नाही.

आधुनिक काळात ही चर्चा रमण महर्षींपाशी येते. 1896 साली, वयाच्या 16व्या वर्षी, मदुराईच्या घरात मृत्यूच्या भीतीने घेरल्यावर ते प्रेतासारखे ताठ पडून राहिले आणि त्यांनी स्वतःला विचारले: हा देह मेला, मग मीही मेलो का? त्याच वर्षी तिरुवण्णामलैच्या मंदिरातल्या पाताळलिंगाच्या अंधाऱ्या जागेत ते बसले असताना किड्यामुंग्यांनी मांड्या फोडल्या, तरी त्यांना पत्ता नव्हता. लोक अशाच प्रसंगांनी भारावतात. स्वतः महर्षी मात्र मनाचा लय आणि मनाचा नाश यांत भेद करत. लय पावलेले मन पुन्हा उठते, असे आपल्या 'उपदेशसार' या रचनेत त्यांनी लिहिले आहे.

त्यासाठी ते एक गोष्ट सांगत. नदीकाठी तप करणाऱ्या योग्याने शिष्याला पाणी आणायला सांगितले आणि पाणी येण्याआधीच त्याची समाधी लागली. शेकडो वर्षे गेली, नदीने पात्र बदलले, शिष्य कधीच संपला. योग्याने डोळे उघडले आणि पहिला शब्द उच्चारला: "पाणी!"